मत खरं, पण अर्धं! : कॅमेऱ्याच्या मालकांची मतं वाचायची कशी?



गेल्या महिन्यात पालकसभा संपली आणि नववीतल्या एका मुलाचे वडील मागे थांबले. म्हणाले, "मॅडम, पोरगं कॅमेऱ्यासाठी मागं लागलंय. नवा काही परवडत नाही. जुने दोन बघून ठेवलेत. पण ज्यांनी वापरलेत त्यांची मतं वाचली आणि डोकंच चालेना. एक म्हणतो असा कॅमेरा पुन्हा होणे नाही, दुसरा म्हणतो पैसे पाण्यात गेले. आता खरं कुणाचं धरायचं?"

दोन्ही कॅमेरे कॅनन कंपनीचे होते, पॉवरशॉट जी१० आणि जी११. मी म्हटलं, "दोघांचंही खरं असेल." ते हसले. त्यांना वाटलं मॅडमनी प्रश्न टोलवला. पण मी टोलवला नव्हता. उभ्या उभ्या नीट सांगता आलं नाही म्हणून आज हा लेख. कॅमेरा घ्यायचा नसला तरी वाचा, कारण हाच प्रश्न सायकल, मिक्सर, क्लास, शाळा, सगळ्याच बाबतीत येतो. आणि नववी-दहावीच्या मुलांना तो शिकवायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आधी आमच्याच शाळेची फजिती

काही वर्षांपूर्वी आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून शाळेसाठी एक कॅमेरा घेतला. कंपनी कोणती होती ते महत्त्वाचं नाही, कारण चूक कॅमेऱ्याची नव्हतीच. आमच्यातल्या एका सरांच्या मेहुण्यांकडे तोच कॅमेरा होता. ते म्हणाले, "एक नंबर आहे, डोळे झाकून घ्या." आम्ही खरोखरच डोळे झाकून घेतला.

स्नेहसंमेलन संध्याकाळी, मैदानावरच्या मांडवात होतं. स्टेजवर दोन पिवळे दिवे. मुलं नाचत होती, आम्ही फोटो काढत होतो. दुसऱ्या दिवशी संगणकावर पाहिलं तर जवळजवळ सगळे फोटो हललेले. जे हलले नव्हते त्यांच्यावर रवा भुरभुरल्यासारखे दाणे.

सातवीतली एक मुलगी त्या दिवशी कोळीनृत्यात पुढे होती. तिचा इथला तो शेवटचा कार्यक्रम. तिच्या आईकडे तेव्हा साधा फोन होता. त्या फोटोसाठी दोनदा शाळेत येऊन गेल्या. दुसऱ्या वेळी मी त्यांना जो फोटो दिला त्यात साडीचा रंग ओळखू येत होता, मुलीचा चेहरा नाही. त्यांनी तो घेतला, काही बोलल्या नाहीत. मला मात्र ते अजून आठवतं.

मग मेहुणे खोटं बोलले का? मुळीच नाही. ते गड-किल्ल्यांवर फिरणारे. त्यांचे सगळे फोटो भर उन्हातले, बुरुज, तटबंदी, लांबवर डोंगर. यातलं काही हलत नाही आणि उजेड भरपूर. त्यांच्या कामाला तो कॅमेरा एक नंबरच होता. "तुम्ही काय काढता आणि केव्हा काढता?" हा प्रश्न आम्ही विचारला नाही, एवढीच आमची चूक.

जी१० आणि जी११ म्हणजे काय प्रकार?

हे कॅमेरे मधल्या गटातले. खिशात मावणाऱ्या साध्या कॅमेऱ्याच्या वरचे आणि लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या डीएसएलआरच्या खालचे. लेन्स अंगचीच, बदलता येत नाही. पण उघडझाप, वेग, आयएसओ हे सगळं हाताने ठरवता येतं. आयएसओसाठी आणि फोटो उजळ-गडद करण्यासाठी वर वेगळ्या चकत्या आहेत. डोळा लावून पाहायची छोटी खिडकी आहे. वर मोठा फ्लॅश बसवता येतो. आणि "रॉ" म्हणजे सेन्सरकडून आलेली कच्ची माहिती साठवायची सोय आहे.

जी मालिका सुरू झाली २००० साली. जी१० आला २००८ मध्ये, जी११ त्याच्या पुढच्या वर्षी, २००९ मध्ये. दोघांची लेन्स सारखीच, पाच पट झूम. वजनही दोघांचं साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. फरक मुख्यतः दोन. जी१० चा पडदा तीन इंचांचा पण पाठीला घट्ट बसवलेला. जी११ चा पडदा किंचित लहान, २.८ इंचांचा, पण बाहेर उघडून हवा तसा फिरवता येणारा. दुसरा फरक पिक्सेलचा, आणि खरी वादावादी त्याचीच.

उलटा उतरलेला आकडा

या मालिकेतले आकडे फळ्यावर लिहून पाहा.

जी७ (२००६) : १० मेगापिक्सेल
जी९ (२००७) : १२.१ मेगापिक्सेल
जी१० (२००८) : १४.७ मेगापिक्सेल
जी११ (२००९) : १० मेगापिक्सेल

त्या काळात दुकानात कॅमेरा विकला जायचा तो मेगापिक्सेलच्या आकड्यावर. दरवर्षी आकडा वाढायचा, लोकांना वाटायचं कॅमेरा सुधारला. आणि इथे कंपनीने स्वतःहून आकडा जवळपास एक तृतीयांश कमी केला. काही मालकांना हे शहाणपण वाटलं, तर जी१० वापरणाऱ्या काहींना वाटलं, नव्या कॅमेऱ्यात कमी पिक्सेल घेऊन आम्ही करायचं काय?

दोन्ही बाजूंचं म्हणणं समजायला सेन्सर म्हणजे काय ते आधी पाहू.

अंगणातल्या वाट्या आणि पातेली

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड झेलणारी चकती. या दोन्ही कॅमेऱ्यांत ती साधारण ७.६ मिलिमीटर लांब आणि ५.७ मिलिमीटर रुंद, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. क्षेत्रफळ सुमारे ४३ चौरस मिलिमीटर. एवढ्याशा जागेत जी१० मध्ये १ कोटी ४७ लाख पिक्सेल बसवलेत, जी११ मध्ये १ कोटी.

मुलांना मी असं सांगते. आपलं अंगण तेवढंच आहे. पाऊस मोजायला एकाने अंगणभर लहान वाट्या मांडल्या, दुसऱ्याने थोडी पण मोठी पातेली. धो धो पाऊस आला तर काय होईल? वाट्याही भरतील, पातेलीही भरतील. उलट वाट्या जास्त असल्यामुळे अंगणाच्या कुठल्या कोपऱ्यात किती पडला ते बारकाईने कळेल. पण नुसती भुरभुर असेल तर? एका वाटीत तीन थेंब, शेजारच्या वाटीत एक, तिसरी कोरडी. पाऊस सगळीकडे सारखाच पडला, तरी मोजमाप मात्र ओबडधोबड येईल. पातेल्यात त्यातल्या त्यात बरा अंदाज मिळेल.

उजेडाचंही असंच आहे. भर उन्हात लहान पिक्सेललाही पुरेसा उजेड मिळतो आणि पिक्सेल जास्त म्हणून बारकावे जास्त. अंधूक जागी लहान पिक्सेलला तुटपुंजा उजेड मिळतो. तो वाढवून दाखवायचा म्हणजे आयएसओ वाढवायचा. मग थेंबांतला तो ओबडधोबडपणाही वाढतो. फोटोवर जे रंगीत दाणे दिसतात ते हेच. जी११ चा एकेक पिक्सेल जी१० च्या जवळपास दीडपट जागेचा आहे. शिवाय सेन्सरची रचनाही नवी होती, म्हणजे सगळं श्रेय एकट्या पिक्सेलसंख्येला देणं बरोबर नाही.

गणिताच्या शिक्षकांसाठी यात एक छान उदाहरण आहे. १४.७ हा आकडा १० पेक्षा ४७ टक्के मोठा. पण फोटोची रुंदी पाहिली तर जी१० ची ४४१६ पिक्सेल आणि जी११ ची ३६४८. म्हणजे फरक फक्त २१ टक्के! इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने छापलं तर एक फोटो पावणेपंधरा इंच रुंद होतो, दुसरा बारा इंचांहून थोडा जास्त. क्षेत्रफळ आणि लांबी यांतला फरक मुलांना इतका पटकन दुसरीकडे सापडणार नाही. आणि घरातल्या अल्बमचा फोटो असतो सहा इंच लांब. तिथे दोघांतला फरक दिसणारच नाही.

आता मतं पुन्हा वाचू

जी१० च्या मालकांची मतं ढोबळमानाने अशी होती : उन्हातल्या फोटोंची स्पष्टता पाहून थक्क व्हायला होतं. बांधणी मजबूत. चकत्या हाताशी असल्यामुळे मेनूत शिरावं लागत नाही. बॅटरी छान टिकते. आणि तक्रारी : घरात, संध्याकाळी आयएसओ ४०० च्या वर नेला की दाणे दिसतात. खिशासाठी जड आहे. पडदा फिरत नाही.

कौतुक आणि तक्रार, दोन्ही वाट्या-पातेल्याच्या गोष्टीशी जुळतात की नाही? कौतुक करणारा धो धो पावसात उभा आहे, तक्रार करणारा भुरभुरीत.

याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. मायकेल राइकमन नावाचे कॅनडातले एक नामवंत छायाचित्रकार होते. २००८ मध्ये त्यांनी जी१० चे फोटो आणि त्याच दृश्यांचे हॅसलब्लाड या कित्येक पट महाग कॅमेऱ्याचे फोटो शेजारी ठेवले. दुसऱ्याचे पिक्सेल होते ३९ मेगा. साधारण १३ बाय १९ इंचांच्या छापील प्रती काढून जाणकारांना दाखवल्या. कोणता कुठल्या कॅमेऱ्याचा हे त्यांना खात्रीने ओळखता येईना. ही गोष्ट वाचून कुणी म्हणेल, मग महाग कॅमेरा घ्यायचाच कशाला? पण थांबा. आयएसओ कमी, प्रत ठरावीक आकाराची, या अटींवर ते खरं होतं. त्याच जी१० ने आमच्या मांडवातलं कोळीनृत्य टिपायला गेलं असतं तर निकाल वेगळा लागला असता. अट काढून टाकली की खरं वाक्यही फसवं होतं.

जी११ चंही तसंच. अंधारात बरा, फिरता पडदा म्हणून आनंद. तक्रार अशी की चलचित्र अजून ६४० बाय ४८० चंच, एचडी नाही. एकामागून एक पटापट फोटो काढायला संथ. ज्याला मुलांच्या शर्यतींचे फोटो काढायचेत त्याच्यासाठी ही मोठी उणीव. ज्याला देवळांचं कोरीवकाम टिपायचंय त्याला याने काही फरक पडत नाही.

आणखी एक गंमत बघा. जी७ आला तेव्हा जुने मालक फार चिडले होते. का? तर आधीच्या जी६ मध्ये रॉची सोय होती आणि पडदाही फिरायचा. जी७ मधून दोन्ही गेलं. मग काही हौशी लोकांनी तयार केलेलं मोफत सॉफ्टवेअर वापरून मालक रॉ मिळवू लागले. पुढे रॉ परत आलं जी९ मध्ये आणि फिरता पडदा जी११ मध्ये. पण ज्याने जी६ कधी पाहिलाच नव्हता, त्याला जी७ मध्ये काही कमी आहे असं वाटायचं कारण नव्हतं. कॅमेरा एकच, पण एकाने तो जुन्याशी ताडून पाहिला, दुसऱ्याने आपल्या साध्या खिशातल्या कॅमेऱ्याशी.

मत वाचताना विचारायचे चार प्रश्न

१. कशासाठी वापरला? किल्ले, लग्न, पक्षी, दुकानातल्या वस्तू की घरातलं तान्हं बाळ? उजेड कोणता? हे सांगितलेलं नसेल तर ते मत अर्धं समजा.

२. कशाच्या तुलनेत? मोठ्या डीएसएलआरवरून आलेला माणूस म्हणेल "दाणे फार". साध्या कॅमेऱ्यावरून आलेला म्हणेल "किती स्वच्छ". आपण स्वतः कुठून येतोय ते आधी पाहा.

३. फोटो पाहिला कसा? संगणकावर मोठा मोठा करत एकेक ठिपका पाहिला तर जी१० जास्तच दाणेदार दिसतो. दोघांचे फोटो एकाच आकारात छापले की तो फरक बराच कमी होतो. परीक्षकाने भिंग लावलं होतं की नाही, हे कळायला हवं.

४. किती दिवसांनी लिहिलं? पहिल्या आठवड्यात सगळे खूश असतात. पैसे आपणच घातलेले, मग निवड चुकली असं म्हणायला मन तयार होत नाही. उलट एखादा बिघाडाने वैतागलेला माणूस त्याच रागात लिहितो. सहा महिने, वर्षभर वापरून लिहिलेलं मत सावकाश वाचावं. ते बहुधा लांबलचक नसतं, पण त्यात "मी हल्ली हे असं वापरतो" अशी वाक्यं सापडतात. तीच कामाची.

एक लक्षात घ्या, हे चार प्रश्न मत खोडून काढायला नाहीत. माणूस खोटारडा आहे असं धरून चाललो तर कुणाच्याच अनुभवातून काही शिकता येणार नाही. मत देणारा आपला अनुभव देतो. त्यात त्याची गरज मिसळलेली असते, ती तेवढी वेगळी काढायची.

वर्गात असा घ्या उपक्रम

मी हा नववीत मराठीच्या तासाला घेतला. दोन तासिका लागतात.

पहिल्या दिवशी मुलांना सांगा, घरातल्या एका वस्तूबद्दल घरातल्या दोघांचं मत विचारून या. कुकर, सायकल, पंखा, दप्तर, काहीही. ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी लिहायची.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तीन रकाने करा : माहिती, मत, अर्धं मत. उदाहरणं मी कॅमेऱ्यावरून दिली.

"याचा पडदा २.८ इंचांचा आहे." ही माहिती. मोजून तपासता येते.
"मला जड कॅमेरा हातात धरायला आवडतो." हे मत. ज्याचं त्याचं, आणि तसं सांगितलेलंही आहे.
"फोटो खराब येतात." हे अर्धं मत. कुठे, केव्हा, कशापेक्षा?

मग मुलांनी आपापली वाक्यं रकान्यात टाकायची आणि अर्ध्या मतांना अट जोडून पूर्ण करायचं. एका मुलीने आणलेलं वाक्य होतं, "आजी म्हणते मिक्सर वाईट." घरी जाऊन पुन्हा विचारल्यावर ते असं झालं, "आजीला मिक्सरचा आवाज सहन होत नाही आणि खोबऱ्याचं वाटण पाट्यावरच्यासारखं बारीक होत नाही." वाईट मिक्सर तोच राहिला, पण आजी काय म्हणत होती ते घराला पहिल्यांदा कळलं! व्याकरण शिकवताना आपण "जर-तर"ची वाक्यं देतो. ती अशी दिली तर मुलं स्वतःहून बनवतात.

आणि त्या मुलाच्या कॅमेऱ्याचं?

मी त्याला बोलावून पहिलाच प्रश्न विचारला, "तू फोटो कशाचे काढणार?" त्याने सांगितलं, मुंग्या, कोळी, बांधावरची रानफुलं. मग आम्ही मतं पुन्हा वाचली. पक्षी असते तर पाच पट झूम पुरला नसता. पण हे दोन्ही कॅमेरे वस्तूच्या अगदी जवळ, एक सेंटिमीटरपर्यंत नेता येतात. काम दिवसाउजेडी. म्हणजे ज्या दाण्यांवरून एवढा वाद झाला तो याच्यासाठी जवळजवळ गैरलागूच. कामाची निघाली ती फिरत्या पडद्याची गोष्ट. कॅमेरा जमिनीला टेकवून मुंगी टिपायची तर पडदा वर वळवता आला पाहिजे, नाहीतर मातीत लोळावं लागेल. म्हणून त्याचं मन जी११ वर बसलं.

वडिलांनी विचारलं, "मोबाईल असताना हे कशाला?" रास्त प्रश्न. रात्रीचे फोटो आजचा चांगला मोबाईल या कॅमेऱ्यांपेक्षा सरस काढतो, ते मी सांगून टाकलं. पण उजेड, वेग आणि आयएसओ यांचा हिशेब हाताने चकती फिरवून शिकायचा असेल तर असा जुना कॅमेरा चांगली पाटी आहे. त्यांना दोन सूचना दिल्या. जुनी वस्तू समोर बसून तपासून घ्या, लेन्स आतबाहेर होते का, पडदा फिरवताना चित्र जातं का ते पाहा. आणि मेमरी कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच घ्या, त्याहून मोठ्या क्षमतेची नवी कार्डं यात धरलेली नाहीत.

अजून त्यांनी घेतलेला नाही. दिवाळीनंतर बघू म्हणाले. मुलाने मात्र चारही प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून ठेवलीत, आणि पाचवा प्रश्न स्वतःचा घातलाय : "हे मत लिहिणाऱ्याला मुंग्या आवडतात का?"

मला तो प्रश्न फार आवडला. तुमच्या वर्गात हा उपक्रम घेतलात तर मुलांनी आणलेली वाक्यं जरूर जपून ठेवा. पुढच्या वर्षी तीच उदाहरणं म्हणून कामी येतात.